वेळ पाळणारा वैमानिक : जे. आर. डी. टाटा

प्रस्तावना

एखादे गाव किती दूर आहे, असे कोणी विचारले तर आपण बहुधा किलोमीटरमध्ये उत्तर देत नाही. पायी अर्धा तास, एस.टी.ने तीन तास, रेल्वेने एक रात्र, असे आपण सांगतो. दोन ठिकाणांमधील अंतर बदलत नाही. ते पार करण्यास लागणारा वेळ मात्र साधनांप्रमाणे बदलतो. हा वेळ कमी करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, अशा एका भारतीयाचे चरित्र या पाठात दिले आहे. भारतातील हवाई वाहतुकीचा पाया घालणारे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. टाटा, यांची ही जीवनकथा आहे.

मूळ पाठ

जबलपूरचा सांधा

जेआरडींचे कार्य समजून घेण्यासाठी प्रथम थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईहून कलकत्त्याला जाणे म्हणजे कित्येक आठवड्यांचा प्रवास होता. बैलगाडी, घोडा, पालखी किंवा समुद्रमार्गे जहाज, एवढीच साधने प्रवाशाच्या हाती होती. पुढे रेल्वे आली. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग भुसावळ, इटारसी असा पुढे सरकत होता, तर कलकत्त्याकडून आलेला मार्ग अलाहाबादवरून १८६७ मध्ये जबलपूरला येऊन थांबला होता. मार्च १८७० मध्ये हे दोन्ही मार्ग जबलपूर येथे जोडले गेले. मुंबई ते जबलपूर हा सुमारे ९९० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला आणि देशाच्या पश्चिम व पूर्व किनाऱ्यांवरील दोन महानगरे प्रथमच सलग लोहमार्गाने एकमेकांस मिळाली.

विलायतेहून जहाजाने मुंबई बंदरात उतरलेली टपालाची थैली आता जबलपूरमार्गे थेट कलकत्त्यास जाऊ लागली. आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. दोन शहरे तिथेच होती. त्यांच्यामधील नद्या, डोंगर आणि जंगलेही तिथेच होती. बदलला होता तो केवळ काळ. साठ-बासष्ट वर्षांनंतर हाच बदल आकाशमार्गाने घडून आला आणि त्या वेळीही सुरुवात टपालाच्या थैलीनेच झाली.

बालपण आणि विमानाचे वेड

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रतनजी दादाभाई टाटा हे उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे नातलग आणि व्यवसायातील भागीदार होते. आई सुझान या फ्रेंच होत्या. विवाहानंतर त्यांनी सूनी हे नाव घेतले. पाच भावंडांत जेआरडी दुसरे. वडिलांच्या व्यवसायामुळे त्यांचे बालपण फ्रान्स, भारत आणि जपान या देशांत विभागले गेले. शाळा सतत बदलत राहिल्या. दूरच्या प्रवासाला किती काळ लागतो, हे या मुलाने जहाजांवरील दीर्घ दिवसांतून लहानपणीच अनुभवले होते.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते. जवळच लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. या ब्लेरिओंनी २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानातून ओलांडली होती. बोटीने काही तास घेणारे ते अंतर त्यांनी ३७ मिनिटांच्या आसपास पार केले आणि सारे जग चकित झाले. हार्डेलोच्या वाळूवर उतरणारी विमाने लहानगा जहांगीर डोळे विस्फारून पाहत असे. पंधराव्या वर्षी त्याला प्रथम विमानात बसण्याची संधी मिळाली. ती फेरी थोड्याच वेळाची होती, परंतु आपण वैमानिक व्हायचे हा निश्चय तिथेच पक्का झाला.

तरुणपण मात्र सुखाचे गेले नाही. १९२३ मध्ये आईचे निधन झाले. फ्रान्सच्या नियमाप्रमाणे काही काळ लष्करी सेवा करून जेआरडी १९२५ च्या अखेरीस भारतात आले आणि टाटा उद्योगसमूहात उमेदवारी करू लागले. इंग्लंडमधील विद्यापीठात अभियांत्रिकी शिकण्याची त्यांची इच्छा होती. पण १९२६ मध्ये वडीलही गेले. भावंडांची आणि व्यवसायाची जबाबदारी बाविसाव्या वर्षी खांद्यावर आली. विद्यापीठाचे शिक्षण राहून गेले, याची खंत त्यांना पुढे आयुष्यभर वाटत राहिली. ही उणीव त्यांनी सततच्या वाचनाने भरून काढली. उच्च शिक्षणाची संधी हुकली तरी शिकणे थांबत नाही, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.

पहिला परवाना

१९२८ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी लगेच त्याचे सभासद झाले. अवघ्या काही तासांच्या शिकवणीनंतर ते एकट्याने विमान चालवू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना विमान चालवण्याचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला हा पहिलाच परवाना होता आणि त्यावर क्रमांकही १ असाच होता.

त्याच वर्षी आगाखान यांनी एक स्पर्धा जाहीर केली. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने विमान चालवत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे बक्षीस मिळणार होते. मे १९३० मध्ये जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. त्याच सुमारास अस्पी इंजिनिअर हा किशोरवयीन तरुण इंग्लंडहून कराचीकडे निघाला होता. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी यांच्या विमानाच्या इंजिनातील स्पार्क प्लग निकामी झाला होता आणि ते अडकून पडले होते. जेआरडींजवळ जादा प्लग होते. प्रतिस्पर्धी अडकला आहे, तर आपण पुढे जावे, असा विचार त्यांनी केला नाही. त्यांनी आपला प्लग अस्पींना दिला. अस्पी कराचीला आधी पोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. जेआरडी थोडक्या अंतराने हरले. पुढे हेच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. शर्यत काळाशी होती. परंतु काळाला हरवण्यासाठी माणुसकी सोडायची नसते, हे भान जेआरडींनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी राखले होते.

टपाल आकाशातून निघाले

१९२९ मध्ये लंडन ते कराची अशी विलायती कंपनीची विमानसेवा सुरू झाली होती. टपाल सुमारे आठवड्याभरात कराचीला पोचत असे. पुढे मात्र त्याची गती मंदावे. कराची हे तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होते. तरी तेथून मुंबईला येण्यास वाळवंटाच्या बाजूने वळसा घेऊन, गाड्या बदलत यावे लागे. त्यात दीड-दोन दिवस सहज मोडत. मद्रासला पोचण्यास तर त्याहून अधिक काळ लागे. आकाशातून आलेले पत्र पुन्हा जमिनीवर रेंगाळत होते.

नेव्हिल व्हिन्सेंट हे वैमानिक ही अडचण ओळखून होते. कराचीपासून मुंबई व मद्रासपर्यंत टपाल विमानाने न्यावे, अशी योजना त्यांनी टाटांपुढे मांडली. जेआरडींनी ती उचलून धरली. समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा प्रारंभी साशंक होते. अखेर दोन लाख रुपयांच्या गुंतवणुकीस त्यांनी संमती दिली. सरकारकडे आर्थिक साहाय्य मागितले गेले. सरकारने ते नाकारले. प्रस्ताव तीन वर्षे रेंगाळला. अखेर टाटांनी साहाय्याची मागणीच सोडून दिली. जेवढे टपाल नेऊ तेवढ्याचेच पैसे घेऊ, तोटा झाला तर आमचा, या अटीवर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस भारताच्या हवाई वाहतुकीच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. त्या दिवशी सकाळी साडेसहानंतर जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. ‘पस मॉथ’ जातीचे ते एका इंजिनाचे छोटेसे विमान होते. त्याचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होता. सोबत टपालाच्या थैल्या होत्या. विमानात रेडिओ नव्हता. वाट दाखवणारी यंत्रणा नव्हती. किनारा, नद्या, लोहमार्ग आणि होकायंत्र यांवरून वैमानिकाने स्वतःच वाट ओळखायची होती.

वाटेत इंधन घेण्यासाठी विमान अहमदाबादला उतरले. तेथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते. वाहतुकीची सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी साधने त्या दिवशी एकमेकांशेजारी उभी होती. दुपारी दोनच्या सुमारास विमान मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन पुढे निघाले आणि बेल्लारी येथे रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचले.

आता थोडा हिशेब करून पाहू. कराची ते अहमदाबाद सुमारे ६०० आणि अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४० किलोमीटर, म्हणजे एकूण १,०४० किलोमीटरचे अंतर झाले. ताशी १६० किलोमीटर वेगाने हे अंतर पार करण्यास साडेसहा तास लागतात. अहमदाबादचा थांबा धरून प्रत्यक्षात सव्वासात तासांच्या आसपास लागले. दीड-दोन दिवसांचे काम सकाळ ते दुपार एवढ्या अवधीत झाले होते.

दिलेली वेळ

एक उड्डाण यशस्वी करणे ही साहसाची गोष्ट होय. ते दर आठवड्याला ठरल्या वेळी करणे हे त्याहून अवघड काम होते. जुहूची धावपट्टी समुद्राच्या इतकी जवळ होती की पावसाळ्यात ती चिखलात बुडून जाई. तेव्हा सारे काम पुण्याला येरवड्याकडे हलवावे लागे. माणसे मोजकी, विमाने दोनच. तरीही पहिल्या वर्षात या सेवेने अडीच लाखांहून अधिक किलोमीटरचे उड्डाण केले, सुमारे दहा टन टपाल वाहून नेले आणि १५५ प्रवासीही नेले. मुख्य म्हणजे वेळापत्रक मोडले नाही. पावसाळ्यातही टपाल वेळेवर पोचले. सरकारच्या हवाई वाहतूक खात्याने आपल्या अहवालात या वक्तशीरपणाची प्रशंसा केली. ज्या सरकारने साहाय्य नाकारले होते त्याच सरकारची ही पावती होती.

विमान वेगाने जाते म्हणून पत्र लवकर पोचते, असे आपल्याला वाटते. हे अर्धेच खरे आहे. विमान वेळेवर निघाले नाही, इंजिनाची तपासणी नीट झाली नाही, तर त्या वेगाचा काहीच उपयोग होत नाही. लोकांचा विश्वास वेगावर बसत नाही, तो दिलेल्या वेळेवर बसतो. जेआरडींनी हे प्रथमपासून ओळखले होते.

सेवा वाढत गेली. १९३५ मध्ये ती त्रिवेंद्रमपर्यंत आणि १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे दिल्लीपर्यंत पोचली. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. युद्धकाळात, १९४२ मध्ये, नेव्हिल व्हिन्सेंट विमानप्रवासात मृत्यू पावले. जेआरडींचा जवळचा सहकारी हरपला. १९४६ मध्ये कंपनीला एअर इंडिया हे नाव मिळाले.

८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वतंत्र भारताच्या विमानसेवेचे युरोपकडे जाणारे हे पहिले उड्डाण होते. प्रवाशांत जेआरडी आणि त्यांच्या पत्नी थेल्मा होत्या. विमान लंडनला वेळेवर उतरले. एकेकाळी जहाजाने तीन आठवडे घेणारा हा प्रवास आता दोन दिवसांत होऊ लागला होता.

घाई आणि काळजी

१९४९ मध्ये सरकारच्या पुढाकाराने रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि परत जात. जबलपूरला रेल्वेने जे केले होते, तेच काम आता मध्य भारतातील दुसरे शहर विमानासाठी करीत होते. जेआरडींनी मात्र या योजनेस विरोध केला होता. रात्रीच्या उड्डाणास लागणारी साधने विमानतळांवर पुरेशी नसताना ही सेवा सुरू करणे त्यांना धोक्याचे वाटत होते. काळाची बचत त्यांना हवी होती, पण माणसांच्या जिवाच्या मोबदल्यात नव्हे.

१९५३ मध्ये सरकारने देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. स्वतः वाढवलेली संस्था हातातून जाताना जेआरडींना दुःख झाले. राष्ट्रीयीकरणाचा निर्णय आणि तो घेण्याची पद्धत या दोन्हींबद्दल त्यांची नाराजी होती. तरीही पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या सरकारने एअर इंडियाचे अध्यक्षपद देऊ केले तेव्हा त्यांनी ते स्वीकारले आणि पंचवीस वर्षे विनावेतन सांभाळले. मालकी गेली तरी कर्तव्य संपले, असे त्यांनी मानले नाही. प्रत्येक प्रवासात ते खुर्च्या, पडदे, जेवण, स्वच्छता आणि वेळ यांची बारकाईने पाहणी करीत व उणिवांची टिपणे काढून अधिकाऱ्यांना पाठवीत. १९६० मध्ये एअर इंडियाने जेट विमाने वापरण्यास सुरुवात केली आणि १९६२ पर्यंत तिचा सारा ताफा जेट विमानांचा झाला.

फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. अर्ध्या शतकाच्या नात्याचा असा शेवट त्यांच्या जिव्हारी लागला. देशभरातून त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त झाली. जेआरडींनी मात्र आपल्या कामात कटुता येऊ दिली नाही.

पुन्हा त्याच वाटेवर

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणास ५० वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा एका जुन्या, एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. १९६२ मध्येही त्यांनी असेच उड्डाण केले होते. अंतर पूर्वीइतकेच होते. मध्यंतरी देशाची फाळणी झाली होती आणि कराची आता दुसऱ्या देशात होती. तरुण पिढीने साहस आणि कष्ट यांवरील श्रद्धा गमावू नये, हा या उड्डाणामागील हेतू होता.

विमानांखेरीज इतर क्षेत्रांतही जेआरडींनी मोठे कार्य केले. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय आणि मूलभूत विज्ञान संशोधनाची टाटा संस्था यांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. कुटुंबनियोजनाच्या विचाराचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमध्ये जन्मलेल्या या भारतीयास पॅरिसमध्येच चिरविश्रांती मिळाली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

रेल्वेच्या सांध्याने ओळखल्या गेलेल्या जबलपूरला आज डुमना येथे विमानतळ आहे. मुंबई ते जबलपूर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ८७० किलोमीटर भरते. जेआरडींच्या पस मॉथला त्यासाठी साडेपाच तास लागले असते. आजचे जेट विमान थेट गेले तर पावणेदोन तासांच्या आसपास पोचते. पण घरातून विमानतळ गाठणे, सामानाची तपासणी आणि उतरल्यावर गावात जाणे हा वेळही प्रवासाचाच भाग असतो. त्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आपले काम वेळेवर आणि चोख करीत असते, म्हणून प्रवासी सुखरूप पोचतो. ते काम करणारा वैमानिक असेल, यांत्रिक असेल किंवा इंधनाचे डबे घेऊन आलेला गाडीवान असेल. दोन शहरे जवळ येतात ती या सर्वांच्या मेहनतीमुळे, हेच जेआरडींच्या जीवनाचे सार आहे.

शब्दार्थ

सांधा – जोड, दोन भाग जिथे मिळतात ती जागा
उमेदवारी – काम शिकण्यासाठी केलेली प्रारंभीची नोकरी
साशंक – मनात शंका असलेला
इलाखा – ब्रिटिश काळातील प्रांत
वक्तशीरपणा – ठरलेली वेळ पाळण्याची सवय
राष्ट्रीयीकरण – खाजगी मालकीचा उद्योग सरकारने ताब्यात घेणे
जिव्हारी लागणे – मनाला खोल दुःख होणे

स्वाध्याय

१. मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे घडलेल्या घटनेचे महत्त्व चार-पाच वाक्यांत सांगा.
२. अबुकीर येथील प्रसंगातून जेआरडींच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?
३. वेगापेक्षा वेळ पाळणे अधिक महत्त्वाचे का, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. जेआरडींनी रात्रीच्या टपाल विमानसेवेस विरोध का केला?
५. आपल्या गावापासून जवळच्या मोठ्या शहराचे अंतर किती आहे, ते शोधा. पूर्वी तेथे जाण्यास किती वेळ लागत असे आणि आज किती लागतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.